बाळाची माया लागत नाही तेव्हा : बाळंतपणानंतरच्या नैराश्याविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खानापूर तालुक्यातल्या माझ्या माहेरी, थोरल्या मुलीच्या बारशाच्या आदल्या संध्याकाळी, ओसरीवर पाळण्याला झेंडूच्या माळा बांधणे चालले होते आणि मी आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडले होते. मुलगी शेजारीच होती. तिची मूठ माझ्या दंडाला लागत होती, त्या मुठीत गोधडीचा एक लाल दोरा अडकला होता, आणि तो सोडवावा एवढेही माझ्या मनात येत नव्हते. घरात सगळे होते, सगळे मायेचे होते, आणि कोणालाच काही कळले नव्हते, कारण मी वेळेवर जेवत होते, वेळेवर पाजत होते आणि कोणी विचारले तर "बरी आहे" असे सांगत होते. पुढे उपचार झाले आणि मी बरी झाले. त्यानंतरच्या वर्षांत कर्नाटकाच्या सीमेवरच्या बेळगाव, निपाणी, चिकोडी, खानापूर या पट्ट्यातल्या बाळंतिणींनी, त्यांच्या आयांनी आणि काही नवऱ्यांनीही मला जे प्रश्न विचारले, ते येथे उत्तरांसह मांडले आहेत. मी डॉक्टर नाही. औषधाचा निर्णय डॉक्टरांशी बोलूनच घ्यावा, परंतु डॉक्टरांपर्यंत पोहोचण्याआधी जे समजायला हवे ते या पानावर सापडावे असा माझा प्रयत्न आहे.

बाळाला पहिल्यांदा हातात घेतले तेव्हा मला काहीच वाटले नाही. मी वाईट आई आहे का?

नाही, आणि या अनुभवात तुम्ही एकट्याही नाही. ब्रिटनमधील एका अभ्यासात, जो १९८० मध्ये प्रसिद्ध झाला, पहिलटकरणींपैकी सुमारे ४० टक्के आणि आधी मूल झालेल्यांपैकी सुमारे २५ टक्के बायांनी सांगितले होते की बाळाला प्रथम हातात घेताना मनात कोरेपणाच होता. त्यांतल्या बहुतेकींना पहिल्या आठवडाभरात हळूहळू माया वाटू लागली. ज्यांचे बाळंतपण फार वेदनांचे झाले त्यांच्यात हा कोरेपणा अधिक दिसला, आणि त्यात नवल करण्यासारखे काही नाही.

आपल्या भाषेने येथे एक गोंधळ करून ठेवला आहे असे मला वाटते. आपण "आईला पान्हा फुटला" असे म्हणतो तेव्हा दूध येणे आणि माया दाटणे या दोन गोष्टी एकाच घटकेला होतात असे गृहीत धरतो. प्रत्यक्षात पान्हा फुटणे ही शरीराची क्रिया आहे : बाळाच्या चोखण्याने ऑक्सिटोसिन हे संप्रेरक स्रवते आणि दूध वाहू लागते. माया मात्र ओळखीतून वाढते. काहींची ती पहिल्या रडण्याबरोबर होते, काहींना त्यासाठी कित्येक आठवडे लागतात. सिझेरियननंतर गुंगीत असलेली आई, बाळ काचेच्या पेटीत ठेवल्यामुळे आठ-दहा दिवस त्याला हात लावू न शकलेली आई, मागचे मूल गमावलेली आणि म्हणून या वेळी जीव लावायलाच घाबरणारी आई, या सगळ्यांना वेळ लागतो.

बाळंतीण रडते ते साहजिक असते असे आई म्हणते. मग नैराश्य कशाला म्हणायचे?

तुमची आई अर्धी बरोबर आहे. वार पडल्यानंतर इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन ही संप्रेरके झपाट्याने खाली येतात, झोप मोडलेली असते, टाके दुखत असतात, आणि तिसऱ्या ते पाचव्या दिवसाच्या सुमारास निम्म्याहून अधिक बाळंतिणींना कारण नसताना रडू येते, चिडचिड होते, मग घटकाभराने हसूही येते. हे आपोआप, साधारण दोन आठवड्यांच्या आत ओसरते आणि त्याला औषध लागत नाही.

मी याला आपल्या घरांतलेच माप लावते. पाचवीच्या पूजेच्या दिवशी बाळंतीण रडली तर तिला जवळ घ्यावे, झोपू द्यावे आणि घाबरू नये. बारसे होऊन दोन-चार दिवस गेले तरी रडणे, उदासी किंवा कोरेपणा उतरणीला लागला नसेल, किंवा वाढतच चालला असेल, तर ते साहजिक म्हणून सोडून देऊ नये. आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी : नैराश्य नेहमी बाळंतपणाला लागूनच येते असे नाही. ते गरोदरपणातच सुरू झालेले असू शकते, किंवा सासरी परतल्यावर चौथ्या-पाचव्या महिन्यातही डोके वर काढू शकते. पहिल्या वर्षात केव्हाही सावध असावे.

नैराश्याची लक्षणे कोणती?

दिवसाचा बहुतेक वेळ उदास किंवा रिकामे वाटणे, पूर्वी आवडणाऱ्या कशातच मन न लागणे, बाळ झोपले असतानाही झोप न येणे, भूक जाणे, क्षुल्लक निर्णयही न घेता येणे, आपण कोणाच्या उपयोगाच्या नाही अशी टोचणी, बाळाबद्दल सतत भीती किंवा उलट पूर्ण अलिप्तपणा, आणि मरण आले तर बरे असा विचार. यांतली बरीच लक्षणे दोन आठवड्यांहून अधिक टिकली तर डॉक्टरांना भेटावे, आणि शेवटचे लक्षण एकदा जरी आले तरी त्याच दिवशी कोणाला तरी सांगावे.

आपल्याकडच्या बाया "उदास वाटते" असे क्वचितच म्हणतात. त्या म्हणतात, डोके जड झाले, अंगात त्राण नाही, छातीत धडधडते, हातापायाला मुंग्या येतात. मग रक्त तपासले जाते, शक्तीची गोळी दिली जाते आणि गाडी तिथेच थांबते. रक्त तपासायलाच हवे, कारण रक्तक्षय आणि बाळंतपणानंतर बिघडणारे थायरॉईड यांची लक्षणे नैराश्यासारखीच दिसतात, पण अहवाल चांगला आला म्हणजे बाई बरी आहे असा अर्थ काढू नये.

डॉक्टर किंवा समुपदेशक अनेकदा १० प्रश्नांची एक छोटी प्रश्नावली वापरतात. ती १९८७ मध्ये एडिनबरा येथे तयार झाली, मागच्या ७ दिवसांत कसे वाटले एवढेच ती विचारते आणि एकूण गुण ३० असतात. गुण जास्त आले म्हणजे निदान झाले असे नव्हे, पुढे सविस्तर बोलायला हवे एवढाच त्याचा अर्थ. दहावा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचाराविषयी आहे. त्याचे उत्तर खरे द्यावे, भले खोलीत सासूबाई बसलेल्या असोत. त्यांना बाहेर थांबायला सांगण्याची विनंती तुम्ही डॉक्टरांना करू शकता.

हे किती जणींना होते?

भारतातील ३८ अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या नियतकालिकात आला, त्यात हे प्रमाण सुमारे २२ टक्के निघाले. म्हणजे पाच बाळंतिणींत एक. तुमच्या गल्लीत गेल्या दोन वर्षांत किती बारशी झाली ते मोजून पाहा.

मला मुलगी झाली म्हणून घरचे गप्प झाले. त्याचा याच्याशी संबंध असू शकतो का?

असू शकतो, आणि याचे पुरावे आपल्या शेजारच्या गोव्यातूनच आलेले आहेत. तेथे २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनी २३ टक्के माता नैराश्यात आढळल्या. पैशाची ओढाताण आणि नवऱ्याशी बिघडलेले संबंध यांमुळे धोका वाढत होता, तसाच तो मुलगी झाल्यानेही वाढत होता, विशेषतः घरात आधी मुलगी असताना. मुलगी जन्मल्याने आईला आजार होत नाही, मुलगी जन्मल्यावर तिच्याशी जे वागले जाते त्याने होतो. पेढ्यांऐवजी जिलेबी वाटली गेली, बारशाला सासरची माणसे उशिरा आली आणि लवकर गेली, "पुढच्या वेळी होईल की" असे चार जणी बोलून गेल्या, हे सगळे खोलीतली बाई मोजत असते.

याशिवाय पूर्वी कधी नैराश्य आलेले असणे, माहेरच्या कोणाला मानसिक आजार असणे, नको असताना राहिलेले दिवस, घरातील मारहाण, बाळाचे आजारपण, ही कारणे आहेत. पुष्कळदा मात्र यांतले काहीच नसते. माझ्या घरात यांपैकी एकही गोष्ट नव्हती, आणि त्यामुळेच मला स्वतःची अधिक लाज वाटत होती.

सव्वा महिना खोलीत राहण्याच्या आपल्या रिवाजाने बाळंतिणीला बरे वाटते की वाईट?

हा प्रश्न मला सर्वांत जास्त विचारला जातो, आणि त्याचे उत्तर एका शब्दात देणे मला प्रामाणिक वाटत नाही.

या रिवाजात शहाणपण आहे. बाईला माहेरी आणणे, तिच्या हातचे काम काढून घेणे, रोज अंगाला तेल लावून ऊन पाण्याने न्हाऊ घालणे, अळिवाची खीर आणि डिंकाचे लाडू करून घालणे, याचा अर्थ असा की निदान काही आठवडे तरी कोणीतरी तिची काळजी घेत आहे. दमलेल्या शरीराला आणि मनाला याहून चांगले काय हवे? ज्या बाया निपाणीजवळ विड्यांच्या कामावर पंधराव्या दिवशी परत बसतात, किंवा ज्यांना माहेरच उरलेले नाही, त्यांना हे न मिळाल्याचे दुःख किती असते ते मी ऐकले आहे.

पण याच रिवाजात एक खोलीही आहे. खिडकी वाऱ्याच्या भीतीने लावून घेतलेली, कानाला फडके गुंडाळलेले, खाटेखाली शेगडी, ओवा आणि शेपांच्या धुरीने कोंदलेली हवा, बाहेर जुलैचा खानापुरी पाऊस आणि दिवस आहे की रात्र हेही कळेनासे. बरी असलेली बाई हे सहन करते, काहींना ते उबदारही वाटते. आतून खचलेल्या बाईला ती खोली गिळते. शिवाय माणसे येतात ती बाळाला बघायला. पाळण्यात डोकावतात, नाक कोणासारखे ते ठरवतात, हातात पैसे ठेवतात आणि जातात.

म्हणून माझे सांगणे असे आहे : रिवाज मोडण्याची गरज नाही, त्यात थोडी हवा येऊ द्यावी. सकाळी कोवळ्या उन्हात बाळ-बाळंतीण दोघांनाही परसात बसवावे. बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवू नये, तो धूर बाळाच्या छातीलाही घातक असतो. आणि जी काकू किंवा मावशी रोज न्हाऊ घालायला येते, तिने पाठीला तेल लावताना एकदा विचारावे, "रात्री डोळा लागला काय गं? मनाला कसं वाटतंय?" पाठीमागून विचारलेल्या प्रश्नाला बाई खरे उत्तर देते, कारण तिला कोणाच्या डोळ्यांत बघावे लागत नाही. मी माझ्या आजारपणाबद्दल पहिले वाक्य बोलले ते आईशी नव्हे, नवऱ्याशी नव्हे, न्हाणीघरात, पाटावर बसून, तेल लावणाऱ्या शेजारच्या काकूंशी.

आमच्याकडे याला बाळंतवात किंवा बाहेरचे म्हणतात. देवऋषीकडे न्यावे का?

मराठीत बाळंतवात, कन्नडमध्ये बाणंती सन्नी, अशी नावे आपल्या मुलखात पिढ्यान्‌पिढ्या आहेत. आपल्या आज्यांनी हा आजार पाहिला होता आणि तो बाळंतपणाशी जोडलेला आहे हेही ओळखले होते. नाव त्यांच्याकडे होते, उपचार नव्हता. आज उपचार आहे.

ही नावे बहुधा ज्या अवस्थेला दिली जातात ती नैराश्याहून वेगळी आणि अधिक गंभीर आहे. हजारातील एक-दोन बाळंतिणींना, बहुतेक वेळा पहिल्या दोन आठवड्यांतच, अचानक झोप पूर्ण उडणे, असंबद्ध बोलणे, नसलेले आवाज ऐकू येणे, हे बाळ माझे नव्हेच किंवा त्यात काही शिरले आहे अशी ठाम समजूत होणे, क्षणात अतिउत्साह आणि क्षणात भीती, असे होऊ लागते. ही तातडीची अवस्था आहे. बाई आणि बाळ यांना क्षणभरही एकटे सोडू नये, १०८ ला फोन करून त्याच दिवशी, रात्र असेल तर त्याच रात्री, रुग्णालयात न्यावे. देवाला नवस बोलायचा असेल तर बोलावा, दृष्ट काढायची असेल तर काढावी, पण गाडी थांबवून नव्हे. योग्य उपचारांनी यांतल्या बहुतेक बाया पूर्ण बऱ्या होतात, आणि जितके लवकर न्याल तितके चांगले.

बाळाला माझ्या हातून काही होईल असे भयानक विचार मनात येतात. हे मी कोणाला सांगू?

विहिरीजवळून जाताना बाळ हातातून पडेल, भाजी चिरताना विळीच बाळाला लागेल, अशी चित्रे पुष्कळ नव्या आयांच्या मनात येतात. त्या चित्रांनी तुम्हाला धसका बसत असेल, ती नकोशी वाटत असतील, त्यामुळे तुम्ही विळीला हात लावायचे टाळत असाल, तर हे अतिचिंतेचे लक्षण असते आणि अशा आया बाळाला इजा करत नाहीत. तरीही डॉक्टरांना हे जसेच्या तसे सांगावे, कारण यावर उपचार आहेत आणि ते ओझे एकटीने वाहण्याचे कारण नाही. याउलट, तो विचार बरोबरच आहे असे वाटू लागले, कोणीतरी तसे करायला सांगत आहे असे ऐकू येऊ लागले, किंवा बाळासह आपणही जावे असे मनात ठरू लागले, तर वर सांगितल्याप्रमाणे ती तातडीची वेळ आहे.

हे सांगितले तर बाळ माझ्यापासून काढून घेतील का? पोलीस केस होईल का?

मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ यानुसार मानसिक आजारावर उपचार घेणाऱ्या आईपासून तीन वर्षांखालील मूल सर्वसाधारणपणे वेगळे करता येत नाही. बाळाला धोका आहे असे डॉक्टरांना वाटले तर ते तात्पुरते वेगळे ठेवता येते, परंतु त्या निर्णयाचा दर १५ दिवसांनी फेरविचार करावा लागतो. बंगळूरच्या निमहान्स या मानसिक आरोग्याच्या संस्थेत तर २००९ पासून आई आणि बाळ यांना एकत्र दाखल करून घेणारा स्वतंत्र विभाग आहे. याच कायद्याने आत्महत्येचा प्रयत्न केलेली व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असे मानले जाते आणि तिला शिक्षा करण्याऐवजी उपचार देण्याची जबाबदारी सरकारवर टाकली आहे. पोलिसांच्या भीतीने रुग्णालयात नेण्यास उशीर करू नये.

गोळ्या घेतल्या तर दूध पाजता येते का?

बहुतेक वेळा येते. नैराश्यावरच्या काही औषधांचा, उदाहरणार्थ सर्ट्रालिनचा, दुधातून बाळाकडे जाणारा अंश फारच कमी असतो आणि त्यामुळे पाजणाऱ्या आईला ती बऱ्याचदा प्रथम सुचवली जातात. काही औषधे मात्र टाळावी लागतात, म्हणून दुकानातून स्वतः आणून किंवा दुसरीच्या गोळ्या घेऊ नयेत, आणि आपण पाजत आहोत हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे. गुण यायला दोन ते सहा आठवडे लागतात. चार दिवसांत फरक नाही म्हणून, किंवा महिन्याने बरे वाटले म्हणून, आपल्या मनाने गोळी बंद केली की आजार उलटतो. बरे वाटू लागल्यावरही साधारण सहा महिने ते वर्षभर औषध चालू ठेवण्यास सांगतात.

आजार सौम्य असेल तर औषधाशिवाय, समुपदेशनाने, बरे होता येते. पाकिस्तानच्या ग्रामीण भागात गावातल्याच आरोग्य सेविकांना प्रशिक्षण देऊन घरोघरी असे समुपदेशन करून पाहिले गेले, त्याचे चांगले निष्कर्ष २००८ मध्ये प्रसिद्ध झाले, आणि पुढे गोव्यात शेजारपाजारच्या सामान्य बायांनाच शिकवून तीच पद्धत आजमावली गेली. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते, कारण जे गोव्यात शेजारणी करू शकतात ते आपल्या कणकुंबी-जांबोटीकडेही होऊ शकते.

कुठे जावे? आम्हाला कन्नड नीट बोलता येत नाही.

पहिली पायरी घराच्या दारातच येते. आशाताई बाळाला बघण्यासाठी ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी येतात. यांतला चौदावा दिवस बारशानंतर लगेचचा आहे आणि बेचाळिसावा सव्वा महिना संपतानाचा आहे. बाळाचे वजन आणि नाळ बघून झाली की त्यांना आपले सांगावे. सीमेवरच्या बहुतेक गावांत आशाताई गावातल्याच असतात आणि मराठीत बोलतात.

त्यापुढे तालुक्याच्या सरकारी रुग्णालयात विचारावे. कर्नाटकात मनोचैतन्य या कार्यक्रमाखाली तालुका रुग्णालयांत मंगळवारी मानसोपचार सेवा देण्याची योजना आहे, तरी निघण्यापूर्वी डॉक्टर त्या दिवशी येणार आहेत का याची खात्री करून घ्यावी, म्हणजे पावसात तान्ह्या बाळाला घेऊन घातलेली फेरी वाया जात नाही. बेळगावच्या जिल्हा रुग्णालयात आणि शहरातील मोठ्या रुग्णालयांत मानसोपचार विभाग आहेत. गंभीर आजारासाठी सुमारे ८० किलोमीटरवर धारवाडची मानसिक आरोग्याची सरकारी संस्था, डिमहान्स, आहे.

घरातून बाहेर पडणेच शक्य नसेल तर १४४१६ हा टेली-मानसचा क्रमांक आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेली ही सरकारी सेवा निःशुल्क आहे, चोवीस तास चालते, आणि तिथे भाषा निवडता येते.

भाषेचा प्रश्न मी हलका मानत नाही. ताप किती आहे हे मोडक्या कन्नडमध्ये सांगता येते, मन का रिकामे झाले आहे हे सांगायला आपलीच भाषा लागते. मला ज्या डॉक्टरांकडे प्रथम नेले तेथे नवरा माझे बोलणे कन्नडमध्ये सांगत होता, आणि मी जे नवऱ्याविषयीच सांगायला आले होते ते त्याच्या तोंडून सांगितले जाणे शक्य नव्हते. तेव्हा दुभाषा लागलाच तर तो घरातला नसावा, एखादी मराठी जाणणारी परिचारिका असावी. तुम्ही तशी मागणी करू शकता. ज्यांचे माहेर चंदगड, गडहिंग्लज किंवा कोल्हापूरकडे आहे त्यांनी तिकडे उपचार सुरू केले असतील तर सासरी परतताना चिठ्ठ्या आणि गोळ्यांची नावे बरोबर आणावीत, कारण राज्याची हद्द ओलांडताना हेच कागद सर्वांत आधी हरवतात आणि नेमका त्याच वेळी उपचार तुटतो.

मी तिची सासू आहे. सून बाळाकडे बघत नाही. मी काय करू?

हा प्रश्न विचारलात याबद्दल मनापासून धन्यवाद. "आम्ही पाच-पाच बाळंतपणे काढली, आम्हाला नाही असले काही झाले" हे वाक्य गिळून टाका. "लेकरू रडतंय की, घे की त्याला" हेही दिवसातून दहा वेळा नको. तिला ते ऐकू येत असते, उठवत नसते. रात्रीचे एक पाजणे काढलेल्या दुधावर तुम्ही सांभाळलेत आणि तिला सलग चार-पाच तास झोप मिळाली, तर ते कोणत्याही उपदेशापेक्षा अधिक उपयोगी पडते. बाळ स्वतःकडे पूर्ण घेऊन मात्र जाऊ नका. तिच्या शेजारी बसून बाळाला घ्या, तिच्या अंगाजवळ राहू द्या. बाळ सासूलाच ओळखते, मला नाही, असे एकदा तिच्या मनाने घेतले की परत येणे अवघड जाते.

नवऱ्याला काय सांगावे?

तिच्याबरोबर दवाखान्यात जा आणि दाराबाहेर थांबायला सांगितले तर थांबा. बायको माहेरी असेल तर रविवारी बाळ बघायला या, तसेच तिच्यापाशीही एक तास बसा. आणि हेही सांगते की बापांनाही नैराश्य येते, साधारण दहांत एकाला. चिडचिड, दारू वाढणे, घरी यायलाच नको वाटणे, अशा रूपात ते दिसते. त्यांनीही १४४१६ वर बोलावे.

बाळाशी जवळीक वाढावी म्हणून काय करता येईल?

माया आधी आणि कृती नंतर असा क्रम असावा लागतो ही समजूत सोडून द्यावी. कृती आधी करता येते. बाळाला फक्त लंगोट ठेवून आपल्या उघड्या छातीवर घ्यावे, वर पांघरूण घ्यावे आणि अर्धा-एक तास तसेच पडून राहावे. झोप येत असेल तर कोणीतरी जवळ असावे. नवजात बाळाला वीस-तीस सेंटिमीटरवरचेच नीट दिसते, म्हणजे पाजताना तुमचा चेहरा जेवढ्या अंतरावर असतो तेवढेच, आणि तुमचा आवाज ते पोटात असल्यापासून ओळखते. काय बोलावे सुचत नसेल तर जे करता आहात तेच बोलावे : आता झबले काढू या, आता पाय पुसू या. प्रेमाचे शब्द बोलण्याची सक्ती स्वतःवर करू नये.

सहा आठवड्यांच्या सुमारास बाळ माणसाकडे बघून हसू लागते. माझ्या बाबतीत औषध सुरू होऊन महिना झाला होता. न्हाऊ घातल्यावर मी मुलीच्या मुठी उघडून बोटांच्या बेचक्यांत साठलेला कापसासारखा मळ काढत होते, कारण काकूंनी ते काम माझ्यावर सोपवले होते, आणि करता करता लक्षात आले की मी दोन्ही हात झाल्यावरही तिची मूठ सोडलेली नाही. त्यापलीकडे काही घडले नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा कोरेच वाटले. असेच ते येत-जात राहिले आणि मग जाईनासे झाले.

पहिले महिने असे गेले. बाळाचे कायमचे नुकसान झाले असेल का?

उपचार न करता आजार लांबत गेला तर बाळाच्या खाण्यापिण्यावर, बोलण्यावर आणि वाढीवर परिणाम होऊ शकतो, म्हणून तर लवकर उपचार घ्यावेत. पण बाळाचे मन काही आठवड्यांत घडून संपत नाही. त्या काळात त्याला आजी, आत्या, मावशी, बाबा यांपैकी कोणीतरी उचलून घेत होते, तेही त्याच्या खात्यात जमा आहे. तुम्ही आज बऱ्या होत असाल तर आजपासूनचे दिवस त्याला मिळतात.

पुन्हा दिवस राहिले तर पुन्हा असे होईल का?

शक्यता इतरांपेक्षा अधिक असते, खात्री नसते. गरोदरपणाच्या पहिल्याच तपासणीत मागचा अनुभव सांगावा. औषध चालू असेल तर दिवस राहिल्याचे कळताच घाबरून बंद करू नये, डॉक्टरांशी बोलून ठरवावे. माझ्या धाकट्याच्या वेळी आम्ही आधीच ठरवून ठेवले होते की रात्री कोण उठणार, आणि बारशानंतर मला कोण विचारणार.

फोन लावला तर नेमके काय बोलू? तोंडातून शब्दच फुटत नाहीत.

लिहून ठेवा आणि वाचून दाखवा. "मला बाळंत होऊन इतके दिवस झाले. इतक्या दिवसांपासून मन लागत नाही, झोप येत नाही, बाळाची माया वाटत नाही. मला मदत हवी आहे." समोरची व्यक्ती कन्नडच बोलणारी असेल तर : "हेरिगे आद मेले ननगे तुंबा बेजार आगिदे, निद्दे बरुत्तिल्ल." (बाळंतपण झाल्यावर मी फार बेजार झाले आहे, झोप येत नाही.) बेजार हा शब्द दोन्ही भाषांत आहे, पण कन्नडमध्ये तो लहानसहान कंटाळ्यालाही वापरतात, म्हणून किती दिवसांपासून ते अवश्य सांगा. मरणाचे विचार येत असतील तर तेच वाक्य सर्वांत आधी सांगा. रडू आले तर फोन ठेवू नका, पलीकडचे माणूस थांबते.